तोकडी ओ

१

दुपारचा चहा उकळला की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायची, "अहो!" मागच्या शेडमधून "ओ" यायची आणि तिच्यामागून हे यायचे, हाताचं तेल चिंधीला पुसत. हे म्हणजे माझे यजमान. शिवणयंत्रं दुरुस्त करतात. त्यांचं कामाचं बाक शेडमध्ये, आणि बाकाला खेटून सासऱ्यांची गाडी. गाडी म्हणजे ट्रक. लांब नाकाचा, गोल डोळ्यांचा, लाकडी हौद्याचा. आमच्या घरात त्याला कायम गाडीच म्हणायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हाही ती तिथेच उभी होती. सासऱ्यांनी एक दिवस ती शेडमध्ये लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पुढची सगळी वर्षं झाडांना पाणी घातलं. तिने कधी कुणाला उडवलं नव्हतं, तिच्यात कुणी गेलं नव्हतं. सासरे आपल्या खाटेवर, आमच्या हातचं पाणी पिऊन, समाधानाने गेले. हे आधीच सांगते, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो.

हे दुपारी दमले की गाडीच्या केबिनमध्ये जाऊन बसत. गादी मऊ, वर सावली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुरुषाला घरात एक कोपरा आपला लागतोच.

त्या दिवशी चहा झाला, मी हाक मारली. "ओ" आली. मी कपात चहा गाळायला घेतला आणि न्हाणीघराची कडी वाजली. हे डोकं पुसत बाहेर आले.

"झाला का चहा?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "तुम्ही शेडमध्ये होतात ना?"

"अगं, अंघोळीला जातो म्हणून सांगून गेलो की. साबण संपलाय, तेवढा बघ."

मी त्यांना कप दिला. मनाला म्हटलं, पत्र्याची शेड आहे, माझाच आवाज फिरून आला असेल. पण चहा पिताना एक गोष्ट सलत राहिली. ह्यांची ओ लांब असते. आळसावलेली, शेवटी किंचित चिरकणारी. मघाची ओ तोकडी होती. वाट बघत बसलेल्या माणसाची.

२

माझी नणंद शेजारच्याच गल्लीत राहते आणि तिच्या तोंडाला लगाम नाही. ती नेहमी म्हणायची, "वहिनी, तू 'अहो' केलंस की अख्खा रस्ता वळून बघतो. सरळ नाव घे ना. माझा भाऊ आहे, कुणी पाहुणा नाही."

"नेम आहे गं माझा."

"तुझ्या नेमांची एक दिवस यादी कर. कुठल्या दिवशी तू जेवतेस ते तरी कळेल."

ती हसायची, मीही हसायची. पण हा नेम हसण्यातला नव्हता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांना ताप चढला आणि उतरेचना. डॉक्टरांनी हात टेकले. बायका अशा वेळी देवाला आवडीचं काहीतरी सोडतात. कुणी गोड सोडतं, कुणी दागिना. माझ्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतं. खाण्याची आवड नव्हती, अंगावर सोनं नव्हतं. नवऱ्याचं नाव मात्र फार आवडायचं. एकटी असले की उगाच घोळवायची जिभेवर. तेच सोडलं. म्हटलं, ह्यांना ठेव, नाव तुझ्याकडे राहू दे. पुन्हा तोंडात आणणार नाही. पहाटे ताप उतरला. तेव्हापासून "अहो".

आता मात्र त्या हाकेला काहीतरी चिकटलं होतं. हे शेडमध्ये जास्त जास्त वेळ बसू लागले. एका हाकेत येणारे हे तिसऱ्या हाकेला येत. पहिल्या दोन हाकांना ओ मिळायची, ती तोकडी. अंग उतरलं, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडली. भर उन्हात हात थंड. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि भूक लागायचं औषध दिलं.

एकदा मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. हे केबिनमध्ये होते, पण चाकामागे नव्हते. पलीकडच्या दाराशी अंग चोरून बसले होते, दाटीवाटीच्या बाकावर शेजाऱ्याला जागा करून दिल्यासारखे. ड्रायव्हरची जागा मोकळी होती.

"तिकडे का हो बसलात?"

त्यांनी मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असंच," म्हणाले. आणि खाली उतरताना हळूच, "गाडी देऊन टाकायची का गं कुणाला?"

मी त्याच आठवड्यात गिऱ्हाईक शोधलं. दूरच्या एका शहरात जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ होते. फोटो बघूनच हरखले. म्हणाले, ओरखडा न येता पोचवा, बाकी मी बघतो.

ह्यांनी मान डोलावली. "नेऊ दे. लवकर नेऊ दे. पण पोचवायला मी जाणार. वाटेत तिच्याबरोबर ओळखीचं कुणी हवं."

"मग मीही येणार."

"तू येऊन काय करणार आहेस?"

"तुम्हाला परत आणणार आहे," मी म्हटलं. हसत म्हटलं, पण खरं तेच होतं. मला गाडीचं काही पडलं नव्हतं. ती जावी, आणि माझा माणूस घरी यावा. गाडी पोचेपर्यंत अन्नाचा कण घेणार नाही, फळं आणि पाण्यावर राहीन, असं मी देवापुढे बोलून टाकलं.

३

ट्रेलरवाला सकाळी आला. बुटका, जाड मिशांचा, गळ्यात टॉवेल. हे त्याला उस्ताद म्हणू लागले. तो ह्यांना दादा आणि मला वहिनी. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने चाकावर लाथ मारली.

"टायर बसलेत, ब्रेक धरलेत, बॅटरी कधीच मेली. वहिनी, ही स्वतःच्या पायाने येणारी नाही. हिला उचलूनच न्यावं लागेल."

मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, लोखंडच आहे.

सकाळ तिच्यातच गेली. टाकीतलं सडकं डिझेल काढलं, टायरात हवा भरली, हौद्यातल्या सुट्या फळ्या बांधल्या, पुढच्या काचेवर जुन्या रजया घालून दोरीने आवळल्या. मग ट्रेलरची फळी खाली टाकून उस्तादने ओढायच्या विंचची तार गाडीच्या पुढच्या आकड्याला अडकवली. "धरलेले ब्रेक आहेत, चाकं घासत येणार," तो म्हणाला. "किंचाळेल जरा. घाबरू नका."

त्याने कळ दाबली. गाडी किंचाळली नाही. चाकं फिरली, अलगद, आणि ती एवढीशी चरचरत वर चढली. जणू कुणीतरी आतून ब्रेकवरचा पाय काढला.

उस्तादने टॉवेलने तोंड पुसलं. "शहाणी आहे," म्हणाला. पण चाकांना लाकडी ठोकळे लावताना त्याने दोनदा केबिनकडे पाहिलं.

साखळ्या आवळल्या, पट्टे ताणले. हे केबिनच्या पायरीवर पाय ठेवतायत असं दिसताच तो ओरडला, "दादा, खाली! लादलेल्या गाडीत माणूस बसवायचा नाही, हा माझा एकच नियम. साखळी तुटली तर गाडी बदलून मिळते. माणूस बदलून मिळत नाही."

हे मुकाट्याने उतरले. नणंद निरोपाला आली होती. ती माझ्या कानात म्हणाली, "मेली एकदाची निघाली. दादाला खायला घाल गं वाटेत, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसतोय."

४

आम्ही तिघं ट्रेलरच्या पुढच्या केबिनमध्ये. उस्ताद चाकावर, मी खिडकीशी, हे मध्ये. आरशात मागची गाडी दिसायची: रजईने डोळे बांधलेली, मुकी. रस्ता सरळ, दोन्हीकडे मोकळं रान, ऊन रणरणतं.

थोडं अंतर गेलं की उस्ताद थांबायचा, पट्टे तपासायचा. नव्याने लादलेला माल वाटेत बसतो, पट्टे सैल पडतात, हे त्याने सांगितलं. पण प्रत्येक थांब्याला एकच पट्टा सैल निघायचा, ड्रायव्हरच्या बाजूचा.

"वळणावर डोलली तर दोन्हीकडचे पडतात," तो पट्टा आवळत पुटपुटला. "एकीकडचाच पडतोय, म्हणजे भार एकीकडे आहे."

"स्टिअरिंग त्या बाजूला आहे ना," मी म्हटलं.

"हो. तेच असेल." माझ्या तोंडून कारण ऐकून त्याला केवढा आधार वाटला. मलाही वाटला. माणसं अशीच एकमेकांना धीर देतात.

मोठ्या पुलाच्या अलीकडे वजनकाटा होता. ट्रेलर काट्यावर उभा केला, आम्ही खाली उतरलो. खिडकीतल्या माणसाने आकड्याकडे पाहिलं, मग बाहेर डोकं काढलं.

"आत जनावर आहे का?"

"जुनी गाडी आहे साहेब. लोखंड."

"मग आकडा थांबत का नाही? म्हशी भरलेल्या असल्या की असा हलतो. कुणाला बसवलंय? उतरवा आधी."

उस्ताद वर चढला, दाराच्या काचेला कपाळ लावून आत पाहिलं, उतरला. "रिकामी आहे."

मी खिडकीच्या काचेतून तो आकडा पाहत होते. तो चढत होता आणि उतरत होता, सावकाश, एका लयीत. झोपलेल्याची छाती होते तशी.

"वारा आहे," काटेवाला शेवटी म्हणाला आणि शिक्का मारला. झाडाचं पान हलत नव्हतं. हे माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांचा हात धरला. तो हातात असूनही नसल्यासारखा हलका होता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याकडेच्या खाणावळीत थांबलो. ट्रेलर समोरच, झाडाखाली. उस्ताद जेवत होता, मी केळं सोलत होते, ह्यांच्यापुढे ताट तसंच.

"दादा, दोन घास तरी," उस्ताद म्हणाला. "वहिनी उपाशी, तुम्ही उपाशी. माझ्या एकट्याच्या पोटाला शाप लागायचा."

हे हसले. ते हसणं मी आज पैसे टाकून विकत घेईन. मग त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. का कोण जाणे, मला वाटलं की आत्ता, ह्याच क्षणी खात्री करून घ्यावी. ह्यांच्या तोंडात पाणी होतं. मी हळूच म्हटलं, "अहो."

झाडाखालून आवाज आला. "ओ."

उस्तादचा घास हातात राहिला. त्याने ट्रेलरकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पाणी गिळलं, पेला खाली ठेवला.

"रेडिओ चालू राहिला वाटतं माझा," उस्ताद म्हणाला.

"हो, रेडिओच," मी म्हटलं.

त्याच्या ट्रेलरला रेडिओ नव्हता. सकाळीच तो त्यावरून कुरकुरला होता.

तो हात धुवायला गेला तेव्हा हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू इतकी वर्षं हाक मारतेस. कुणाकुणाला ऐकू जाते, तुला काय माहीत?"

"म्हणजे?"

"चांगली हाक आहे गं तुझी. घरी बोलावतेस असं वाटतं. कुणालाही वाटेल."

मी विचारलं, "तुम्ही आतून कधी ऐकलंय का? आत असताना?"

"आत असताना मला ओ द्यायला वेळच मिळत नाही," हे म्हणाले. "माझ्या आधी जाते."

त्यानंतर मी वाटभर त्यांना हाक मारली नाही. काही सांगायचं झालं तर दंडाला हात लावायची.

६

शेवटचा मोठा उतार होता. तो उतरलं की शहर. उस्ताद पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक राखून राखून उतरत होता. दुपारचं ऊन डांबरावरून डोळ्यांत जात होतं. एका वळणावर मागून घसटल्याचा आवाज आला, लाकूड चिरडल्याचा. उस्तादने ट्रेलर कडेला दाबला आणि उडीच मारली.

पुढचा ठोकळा फुटला होता. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा लोंबत होता. गाडी बोटभर पुढे सरकली होती आणि अजून सरकत होती, कळेल न कळेल अशी.

"वहिनी, लांब व्हा!" उस्ताद साखळीचा आकडा घेऊन खाली शिरला. "मला ताणायला वेळ पाहिजे. हिचा हॅंडब्रेक लागला असता तर..."

"तो सरळ ओढून लागत नाही," हे म्हणाले. "आधी डावीकडे दाबावा लागतो."

मी त्यांच्या सदऱ्याला धरलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. रागाने नाही, पोरीची सोडवावीत तशी.

"येतो," म्हणाले.

आणि चढले. दार लागलं. आत लोखंड खडखडलं आणि गाडी थांबली.

उस्तादने साखळी ताणली, नवा पट्टा टाकला, दुसरा ठोकळा ठोकला. घामाने निथळत उभा राहिला. "दादा, झालं! उतरा आता."

दार उघडलं नाही.

"दादा?"

दाराच्या काचेवर सगळं आभाळ पडलं होतं. मी फळीवर चढले, काचेला दोन्ही हात लावले, तरी मला आत आभाळ आणि माझं तोंड एवढंच दिसत होतं. दाराची मूठ फिरत होती, पण दार हलत नव्हतं. आतून कुणीतरी ते तितक्याच जोराने धरून होतं, किंवा गंजलं होतं. गंजलंच असेल, मी मनात म्हटलं.

"अहो!"

"ओ." तोकडी. लगेच.

"अहो, उतरा ना!"

ह्या वेळी दोन आल्या. एक तोकडी, आणि तिच्या मागे, खूप मागून, लांब, आळसावलेली, शेवटी चिरकणारी. केबिन केवढीशी असते. ती ओ विहिरीच्या तळातून यावी तशी आली.

उस्तादने विचारलं, "वहिनी, आत दोघं आहेत का?"

मी पुन्हा मूठ ओढली.

"नावाने मारा हाक. 'अहो'ला कुणीही ओ देईल. नावाने मारा!"

"मला नाव घेता येत नाही. नेम आहे. घेतलं तर ह्यांना..."

"मग मला सांगा, मी ओरडतो!"

सांगायचं म्हणजे तरी तोंडानेच. दारावर बोटभर धूळ होती. तिच्यात लिहून दाखवावं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

मी काचेला कपाळ टेकलं आणि जन्मभर म्हणत आले तेच म्हटलं. "अहो, या. या ना घरी."

मूठ फिरली. दार उघडलं. हे खाली उतरले, सदऱ्याची बाही झटकली, उन्हाने डोळे बारीक केले. चेहऱ्यावर रंग होता. "काय गं, रडतेस काय?" म्हणाले. "ब्रेक लागला ना?"

मी त्यांच्या हाताला हात लावला. हात ऊबदार होता. त्या उताराच्या कडेला मी देवाचे किती आभार मानले, ते मलाच ठाऊक.

७

त्या गृहस्थांचं दालन मोठं होतं. चकचकीत फरशी, रांगेत पुसलेल्या गाड्या. ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवत पुढे आले. "ओरखडा नाही! ताई, सोनं आणलंत तुम्ही!" गाडी उतरवली, भिंतीपाशी लावली, रजया सोडल्या. ह्यांनी किल्ली त्यांच्या हातात टाकली आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वाटेत ह्यांनी पोटभर जेवण केलं होतं. उस्तादने मात्र एक घास खाल्ला नव्हता आणि तो माझ्याशी नजर मिळवत नव्हता.

"वडिलांची आठवण आहे," गृहस्थ ह्यांना म्हणाले. "शेवटचं एकदा बसून घ्या आत."

"नको," हे म्हणाले. "खूप बसलो." आणि बाहेर फाटकाकडे चालू लागले.

चाल तीच होती. डावा खांदा जरा खाली, तोही तसाच. खोट काढायला जागा नव्हती. मी मागून हाक मारली, "अहो!"

"ओ." माझी हाक पुरी व्हायच्या आत.

मी तिथेच उभी राहिले. गृहस्थ उस्तादला पावती द्यायला आत गेले होते. दालनात मी आणि गाडी. मी गाडीजवळ गेले. काच आता स्वच्छ होती, आतली फाटकी गादी दिसत होती, चाक दिसत होतं. कुणी नव्हतं.

नेम मोडला तर हे जातील, या भीतीने मी आयुष्य काढलं. पण ज्याच्यासाठी नाव सोडलं तो माणूस कुठे आहे हेच कळेना, तर नेम पाळायचा कुणासाठी? देवा, तूच सांग, मी म्हटलं. मग फाटकाकडे तोंड करून नाव घेतलं. स्पष्ट, मोठ्याने. इतक्या वर्षांनी जीभ अडखळली, पण आलं.

फाटकापाशी हे रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. नाव दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

माझ्या पाठीमागे ओ आली. लांब. शेवटी चिरकणारी.

मी वळले. पलीकडच्या दाराच्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, आतून वाफ धरली होती. वाटीएवढी. मी बघत असतानाच ती विरली, आणि पुन्हा धरली.

"अगं, चल ना," फाटकातून हे म्हणाले. "घरी जायचंय ना?"

मी दार ओढलं. मूठ निखळेपर्यंत ओढलं. गृहस्थ धावत आले. ह्यांनी येऊन माझ्या खांद्याला धरलं, प्रेमाने. "उपासाने थकलीय," त्यांना म्हणाले. त्या ऊबदार हाताने मला बाहेर नेलं.

८

नणंद म्हणते, वहिनी, तुझा नेम फळला. हे दोन्ही वेळा जेवतात, सदरा अंगावर भरून बसतो. शिवणयंत्रं आता दुरुस्त करत नाहीत, लक्षच लागत नाही म्हणतात. शेडकडे फिरकत नाहीत. वागायला चांगले आहेत. वाईट बोलणं माझ्या स्वभावात नाही आणि त्यांनी तशी वेळही आणली नाही. मी "अहो" म्हटलं की ओ तयार असते.

मी नवा नेम धरलाय. रोज दुपारी चहा उकळला की नळ सोडते, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही, आणि खिडकीतून नावाने हाक मारते. अंतर फार आहे, हे मला कळतं. वेडी नाही मी. पण हाकेला अंतर किती लागतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आणि ती हाक घरी बोलावणारी आहे, असं ह्यांनीच म्हटलं होतं.

मागच्या आठवड्यात त्या गृहस्थांचा फोन आला. आवाज चिंतेचा होता. "ताई, गाडीचा ब्रेक लागत नाही का? सकाळी भिंतीपाशी असते, दुपारनंतर बघावं तर दाराकडे सरकलेली. फरशी सपाट आहे हो. ठोकळे लावले, तर ठोकळ्यांसकट सरकते."

"आधी डावीकडे दाबावा लागतो," मी सांगितलं. मग म्हटलं, "पण नका लावू. आणि दुपारचं दार जरा उघडं ठेवत जा."

ह्यांनी ते ऐकलं असावं. तेव्हापासून चहाच्या वेळी हे फाटकापाशी जाऊन उभे राहतात, फाटकाची कडी हाताने धरून, रस्त्याच्या टोकाकडे बघत. काल मला विचारलं, "कुणी यायचंय का आपल्याकडे?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि नळ सोडला.

चहा मी तीन कप टाकते. वाया जातो, पण टाकते. चढताना हे "येतो" म्हणाले होते. "जातो" नव्हते म्हणाले.